उजवा पाय कुणाकडे होता

साखर कारखाना कॉलनी,
खोली नं. १७
ता. ६ मे १९७३

प्रिय सहादेव यास मच्छिंद्रचा रामराम.

तुझा बन्सी गुरुवारी दुपारच्या एस.टी.नं येऊन पोचला. पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि तुझी चिठ्ठी. पेटी निम्मी शेंगदाण्यांनी भरलेली. मुक्ता म्हणाली, "अवो, असल्या दुष्काळात भाऊजींनी येवढं शेंगदानं कुठनं काढलं?" मी म्हटलं, धाकट्या भावाला जागा हवी असली की माणूस बियाण्याचं गाडगंसुद्धा उपडं करतो. खोटं असेल तर कळव. शेंगदाणे मात्र झकास आहेत, हे पत्र लिहितानाही मूठभर पुढ्यात घेऊन बसलोय.

इकडे सगळं ठीक, म्हणजे पाण्यावाचून जितकं ठीक राहता येतं तितकं. कारखान्याचा भोंगा फेब्रुवारीतच थांबला. ऊसच नाही तर गाळणार काय? हंगामी माणसं गावोगाव गेली, कॉलनी निम्मी रिकामी आहे. रेशनला लाल मिलो मिळतो, त्याच्या भाकरी थापताना मुक्ता रोज अमेरिकेला शिव्या देते. आपल्या कबड्डीच्या माणसांना तेवढं राहू दिलंय. खेळायचा पगार खातो ना आपण, मग बंदच्या दिवसांत जाणार कुठं?

तुला ठाऊकच आहे, बंदच्या दिवसांतला सराव कारखान्याच्या लेखी नसतोच. कोच रजेवर, पंच नाही, हजेरी नाही, पट्ट्या नि आयोडीनची पेटी कुलपात. "आम्ही बोलावलेलं नाही बुवा, तुम्ही आपखुशीनं खेळता," असं म्हणायला क्लबचे सेक्रेटरीसाहेब मोकळे. आणि संघ मात्र याच दिवसांत ठरतो. जूनच्या शेवटी साहेब कारभारीला बोलावतात, कारभारी कॅप्टन म्हणून नावं सांगतो, की झालं.

तू सोडून गेल्यापासून टोपणनावं बदललेली नाहीत. आम्ही जुने सात जण अजून खोडवेच, कितीदा तोडलं तरी त्याच बुडख्यातून पुन्हा फुटणारे. आणि नवे आले की ती बेणी, मातीत दाबून लावायची उसाची कांडी. यंदा चार बेणी आली. त्यांच्या अंगावर पहाटे पाचला पाण्याचे डबे. मैदान खणायचं, ढेकळं फोडायची, कारखान्याच्या तळ्यातलं, स्प्रे पाँडचं, पाणी आणून शिंपायचं, मग आमचे पाय चेपायचे, आणि मग उरलेल्या जिवात खेळायचं. राजूरकडचा एक होता, त्याला आसारामनं सलग अकरा चढाया करायला लावल्या, बारावीला ओकला. त्याचं ओकलेलं त्यालाच मातीनं झाकायला लावलं. तिसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर वळकटीसकट पसार. आम्ही पोट धरधरून हसलो. तुला वाईट वाटेल, पण चौसष्ट साली तुझ्यावेळी काय कमी होतं? तुला तर तीन दिवस मीठ न घातलेली आमटी वाढली होती, आणि तू निमूट खाल्लीस म्हणून आपली दोस्ती झाली.

आता तुझ्या चिठ्ठीचं. तू दोन गोष्टी लिहिल्यास.

पहिली, बन्सीचं बेणं दाबतील तेव्हा डावा पाय मी धरावा. सहादेव, ही काय लिहायची गोष्ट आहे? बेणं दाबायच्या वेळी नव्याच्या अंगावर सातही जण पडणार, प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला, कमरेला कारभारी, उजव्या पायाला आसाराम आणि डाव्याला मी. दम चालू असेतो दाबून धरायचं, दम सुटला की कॅप्टन 'सुटला' म्हणणार, की तिथंच सोडायचं. मग पाय धरणाऱ्या दोघांपैकी एकानं त्याच्या तोंडात साखरेची मूठ घालायची, आणि तिथून पुढं तो नवा त्याच्या हवाली. तुझ्या तोंडात मीच घातली होती. खोकून खोकून निम्मी माझ्याच तोंडावर उडवलीस. तेव्हापासून मी तुझा डावा पाय. तुझा भाऊ दुसऱ्या कुणाच्या हवाली करीन होय?

दुसरी गोष्ट त्याच्या उजव्या गुडघ्याची. पाझर तलावाच्या कामावर दगड घसरून लागलं होतं, वरून दिसत नाही, पण सरळ असताना उचलला तर निसटतो, म्हणून उजवा हलक्या हाताच्या माणसाकडे द्यावा आणि कुणाला सांगू नये. तू माझ्या एकट्याजवळ बोललास, ते माझ्याजवळच राहील. चिठ्ठी वाचून झाल्यावर चुलीत घातली.

पोरगं चांगलं आहे. चांगलं म्हणजे फारच चांगलं आहे. तुझ्यासारखाच काटक, पण तुझ्यापेक्षा चपळ, आणि दम तर असा की आपण उभ्या उभ्या कंटाळावं. काल माझ्या कोपऱ्यातून मला पाच वेळा बाद करून गेला. पाचव्यांदा खोडवेसुद्धा हसले. आसाराम म्हणतो, "मच्छिंदर, आता तू पानी मारायला जा, बेन्याला कोपरा दे." मीही हसलो. नेमकी तेव्हाच साहेबांची जीप थांबली होती. मान बाहेर काढून विचारलं, "हा कोण?" अकरा वर्षांत मला कधी नाव विचारल्याचं आठवत नाही.

तुला सांगायला हवं म्हणून सांगतो. दुष्काळामुळे संचालकांनी संघ बारावरून दहावर आणलाय. आणि त्या दहांतल्या एकालाच कायम करणार, शेतकी खात्यात ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा स्लिप बॉय म्हणून. मी चौतीस वर्षांचा, बॉय म्हणवून घ्यायला लाज वाटते, पण एकदा कायमचा शिक्का बसला तर कुणी काही का म्हणेना. अकरा हंगाम हंगामीच काढले. यंदा नाही झालो तर खोली सोडायची आणि मुक्ताला नि दोन्ही पोरींना घेऊन पारनेरकडं थोरल्या भावाच्या दारात जाऊन उभं राहायचं. तिथली वहिनी तुला माहीत आहे.

पण ते माझं मी बघेन. बन्सीची काळजी करू नकोस. मुक्ता त्याला दोन भाकरी जास्तच वाढते. पोरी त्याला काका म्हणतात. तो मला दादा म्हणतो, तुला आण्णा.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा डावा पाय,
मच्छिंद्र

•

खोली नं. १७
ता. ३० मे १९७३

प्रिय सहादेव यास रामराम.

तुझं कार्ड मिळालं. तिकडं टँकर सुरू झाला हे वाचून बरं वाटलं. इकडं स्प्रे पाँडही आटत आलाय, मैदानाला पाणी मारायचं बंद केलंय. धाकटीला गोवर येऊन गेला, आता उतार आहे. मुक्ताची आई आक्काबाई आठ दिवस राहून गेली. कारभारीला मुलगा झाला, चौथा. पेढ्यांऐवजी त्यानं गूळ वाटला.

बन्सीला जरा लागलं आहे.

जरा म्हणजे गुडघ्याला. नगरला दवाखान्यात ठेवलाय, रविवारपासून. मी दोन दिवस तिथंच होतो, काल रात्री आलो. तार करणार होतो, पण तारेत काय लिहायचं ते सुचेना. डॉक्टर म्हणतात, हाड जुळेल, पण आतली दोरी तुटली आहे आणि वाटीचाही चुरा झालाय. पाय वाकणार नाही. चालता येईल, काठी घेऊन. मी विचारलं, खेळता? डॉक्टर पुढच्या खाटेकडं निघून गेले.

झालं ते असं. रविवारी सकाळी बेणी दाबायची ठरली होती. तिघं होते, बन्सी शेवटचा. आधीचे दोघे विसाच्या आत सुटले. रडले, साखर खाल्ली, उठले. बन्सी चढाईला आला, मी तर बघतच राहिलो. असा सरळ, मान वर करून आला. आसारामच्या अंगठ्याला शिवून वळला, तेवढ्यात साखळी पडली आणि सगळे अंगावर. खाली मातीत त्याचं तोंड, वर सात जण, आणि त्या ढिगाखालून त्याचा दम ऐकू येतोय, कबड्डी कबड्डी कबड्डी. कारभारी चाळिसाच्या पुढं मोजत गेला. कुणाचाच एवढा टिकला नव्हता. आम्हाला त्याचं कौतुकच वाटत होतं बघ. आणि दम चालू असताना सोडायचं नसतं. हा आपला नियम आहे, तुझाही होता.

ढिगात कुणाचा हात कुठं होता, कुणाचं वजन कुठं पडलं, ते आता कोण सांगणार? दम चालू होता, एवढंच मी सांगू शकतो. तू त्याला लहानपणापासून सांगत आलास ना, जीव गेला तरी दम सोडायचा नाही म्हणून? त्यानं ते फारच मनावर घेतलं. मी तुला दोष देतोय असं समजू नकोस.

साखर घातली त्याच्या तोंडात. रीत आहे म्हणून घातली, आणि तेव्हा आम्हाला कुणाला कळलं नव्हतं किती लागलंय ते. तो उठेना, तेव्हा कळलं.

आता एक नाजूक गोष्ट लिहितो, ती शांतपणे वाच. सोबत एक टाइप केलेला कागद आहे. त्यात लिहिलंय की बन्सी कालव्याच्या भरावावरून पाय घसरून पडला. बन्सीचा अंगठा घेतलाय. अंगठाच घेतला, उठून बसता येत नव्हतं म्हणून, नाही तर सही करतो तो. वडील माणूस म्हणून तुझी सही हवी. साहेबांनी स्वतः सांगितलंय. कारण कारखान्याच्या लेखी रविवारी सराव नव्हताच, आणि जो सराव नव्हता त्यात कुणाचा पाय मोडेल कसा? सही दिलीस तर दवाखान्याचं सगळं कारखाना माणुसकी म्हणून बघेल. नाही दिलीस तर चौकशी होईल, संघ बंद होईल आणि दहाच्या दहा माणसं रस्त्यावर येतील. त्यांत कारभारीची चार पोरं आहेत, माझ्या दोन आहेत. बन्सीचा पाय तरीही वाकणार नाही.

मला माहीत आहे हे वाचून तू उठून उभा राहशील. पण बस आणि विचार कर. तुझा खांदा निखळला तेव्हा तूही कालव्यावरूनच पडला होतास. कागद मीच लिहिला होता.

मुक्ता दोन दिवस जेवली नाही. बायकांचं मन हळवं असतं.

सही करून कागद लवकर पाठव. नगरला येशील तेव्हा बन्सीची पेटी मी दवाखान्यातच आणून देईन, इथं येण्याची तसदी घेऊ नकोस.

तुझा,
मच्छिंद्र

•

खोली नं. १७
ता. १६ सप्टेंबर १९७३

सहादेव यास,

तुझा कागद जूनमध्येच मिळाला. सही होती. मागच्या बाजूला तू पेन्सिलीनं एकच ओळ लिहिली होतीस, "उजवा पाय कुणाकडे होता, तेवढं कळव." तीन महिने झाले. कळवलं नाही.

पाऊस यंदा बरा झाला. तुझ्याकडंही झाला असेल, काष्टीचा बाजार पुन्हा भरायला लागला असं बाजारला जाऊन आलेला माणूस सांगत होता. इथं आडसाली उसाच्या लागणी जोरात आहेत, रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना बायका पायानं बेणं दाबताना दिसतात. मी पलीकडच्या रस्त्यानं जातो.

मी कायम झालो. एक ऑगस्टपासून. सही करताना साहेब म्हणाले, "मच्छिंद्र, तुमच्यासारखी जुनी माणसंच संघ सांभाळतात." खोली राहिली. थोरलीला पाचवीत घातलं. हे सगळं तुला कळलंच असेल, तरी मी माझ्या हातानं लिहायला हवं म्हणून लिहितो.

मुक्तानं घरात साखर आणायची बंद केलीय. चहा गुळाचा. साखर कारखान्यातल्या माणसाच्या घरी गुळाचा चहा, शेजारीपाजारी हसतात. जूनमध्ये आसारामची बायको लंकाबाई तिच्याशी नळावर काहीतरी बोलली. घरी येऊन मुक्तानं विचारलं, "तुमी तर कायम डाव्या पायाला असता. त्या दिशी उजव्याला कसं काय हुता?" मी म्हटलं, तुला काय कळतंय कबड्डीतलं. ती म्हणाली, "व्हय, मला न्हाई कळत." त्यानंतर तिनं तो विषय काढलेला नाही. दुसराही फारसा काढत नाही.

तर, उजवा पाय माझ्याकडे होता.

आता सुरू केलंय तर सगळं लिहितो. रविवारी सकाळी मैदानावर जाताना मी आसारामला बाजूला घेतलं. म्हटलं, "पोराचा उजवा कच्चा हाय, सहादेवनं मुद्दाम लिवलंय. तुझा हात जड. आज उजवा मला दे, तू डावा घे." आसाराम म्हणाला, "बरं केलंस सांगितलंस." त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. त्याला वाटलं मी जपतोय. अजूनही त्याला तेच वाटतं. लंकाबाई नळावर बोलली ती माझं कौतुकच करत होती, की मच्छिंदरभाऊंनी पोरासाठी केवढी काळजी घेतली, पण नशीबच फुटकं. मुक्ताला मात्र त्यात भलतंच दिसलं. ती माझ्याबरोबर चौदा वर्षं राहिलीय.

तुझी चिठ्ठी मी चुलीत घातली नव्हती. ती शर्टाच्या खिशात होती. मे महिनाभर मी ती रोज वाचत होतो. सरळ असताना उचलला तर निसटतो. तूच लिहिलं होतंस, इतकं नीट समजावून कुणी सांगत नाही. मला एवढंच वाटायचं की कारभारीनं जूनमध्ये नाव सांगायच्या आधी हे पोरगं महिनाभर घरी बसावं. लंगडत बसावं आणि दिवाळीला परत यावं. तोवर मी कायम झालेला असेन, मग मी स्वतः त्याला कोपरा शिकवीन. हे मी स्वतःला खरंच सांगत होतो, सहादेव. शेंगदाणे खात खात सांगत होतो.

तो पडला. टाच माझ्या काखेत आली, मांडीवर माझी छाती. गुडघा सरळ होता. मी उचलला.

ओला ऊस मोडताना होतो तसा आवाज झाला, बारीक. माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेला नसेल, कारण सगळे ओरडत होते. आणि सांगतो, त्यानंतरही त्याचा दम चालू होता. तीन वेळा म्हणाला तो कबड्डी, मी मोजलं. मग दम सुटला. दम सुटल्यावर त्यानं हाक मारली, "दादा." आण्णा नाही म्हणाला, दादा म्हणाला. मी जवळ आहे हे त्याला माहीत होतं. मी सोडवीन असं त्याला वाटलं.

कारभारी म्हणाला, "सुटला रे, सोडा." सहा जणांनी सोडलं.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की दम चालू होता. दम केव्हाच सुटला होता. सगळे बाजूला होऊन अंगाची माती झटकायला लागले होते आणि मी एकटा त्याच्या पायावर होतो. माझ्या डोक्यात त्या वेळी काय होतं तेही लिहितो, कारण तू ओळखशीलच. मला वाटलं, एवढंसं मोडलंय, हे दिवाळीपर्यंत जुळेल. दिवाळीला तो परत येईल, साहेब जीप थांबवतील आणि मागच्यासारखंच विचारतील. मग कायम झालेला मीसुद्धा संघाबाहेर, आणि मला बघून पुन्हा सगळे हसणार. घरी बसवायचं ते महिनाभर कशाला? म्हणून मी पाय आणखी उचलला आणि फिरवला. कारभारीनं दुसऱ्यांदा "सुटला" म्हटलं तेव्हा सोडला. दुसऱ्यांदा म्हणताना तो माझ्याकडं बघत होता. त्यानंतर आजपर्यंत त्यानं एकदाही माझ्याकडं नीट बघितलेलं नाही, पण नाव मात्र माझंच सांगितलं.

साखरही मीच घातली. दोन्ही ओठ मातीनं भरलेले, डोळे पांढरे झालेले, आणि मी मूठ तोंडात कोंबली, कारण सगळे बघत होते आणि पाय ज्याच्याकडे त्यानं घालायची असते. त्यानं गिळायचा प्रयत्न केला. सहादेव, त्यानं ती खरंच गिळली रे. नवा माणूस साखर थुंकला तर अपशकुन असतो, हे तूच त्याला शिकवलं असशील.

दवाखान्यात तू यायच्या आदल्या दिवशी मी त्याच्यापाशी बसलो होतो. कागदावर अंगठा घेऊन झाला होता. तो म्हणाला, "दादा, आण्णा इचारतील. तुमीच सांगा त्यास्नी, म्या दम सोडला न्हाई."

मी म्हटलं, "न्हाई सोडलास."

तो म्हणाला, "कारभारीभाऊंनी किती मोजलं?"

मी म्हटलं, चव्वेचाळीस. त्याला लई आनंद झाला. उशीवरून मान उचलून बघत होता माझ्याकडं, शाबासकी द्यावी म्हणून. आणि मग म्हणाला, "आता म्या तुमच्या हवाली ना?"

मी हो म्हटलं आणि चहा आणतो म्हणून उठलो. तू दुसऱ्या दिवशी आलास तेव्हा पेटी वॉर्डबॉयकडं ठेवून मी समोरच्या हॉटेलात बसलो होतो. तू त्याला पाठुंगळी घेऊन पायऱ्या उतरताना मी बघितलं. तुझा उजवा खांदा वर उचलला जात नव्हता म्हणून तू त्याला डाव्या बाजूला घेतला होतास. पुढं येऊन हात लावावा असं वाटलं. लावला नाही.

माफी मागायला हे पत्र नाही. तू विचारलंस म्हणून लिहितोय, आणि तीन महिने लागले ते यासाठी की कायमचा कागद हातात येईपर्यंत मी थांबलो. ऑर्डर सही होऊन, शिक्का बसून, माझ्या पेटीत गेल्यावरच मी लिहायला बसलो. आता तू हे पत्र साहेबांना दाखवलंस तरी ते फाडून टाकतील, कारण रविवारी सराव नव्हता आणि बन्सी कालव्यावरून पडला, त्यावर तुझीच सही आहे. मी हेही मोजलं होतं. तुला कळावं म्हणून सांगतो, तुझा दोस्त कुठल्या मातीचा आहे ते.

बन्सीला काय सांगायचं ते तुझ्यावर. दम सुटला होता हे कळलं तर त्याला पायापेक्षा त्याचंच जास्त लागेल. आणि सुटला नव्हता असंच मानत राहिला तर जन्मभर मला दादा म्हणेल. दोन्हीपैकी कुठलं बरं, मला कळत नाही.

दसऱ्याला बॉयलर पेटणार. नवी पाच बेणी आलीत, पहाटे मैदान खणताहेत, मला इथं फावड्यांचे आवाज ऐकू येतात. साहेबांनी नव्यांची जबाबदारी माझ्याकडं दिलीय. येत्या रविवारी दाबायची आहेत. काल कारभारीनं हिस्से वाटले. माझा नंबर आला तेव्हा मी काही बोलायच्या आतच आसाराम म्हणाला, "उजवा मच्छिंदरकडंच राहू द्या. लई जपून धरतो त्यो." कारभारीनं मान खाली घालून तसं लिहून घेतलं. मीही नाही म्हटलं नाही.

तेव्हा आता ते कायमचं ठरलं आहे. यापुढं मला पत्र लिहिलंस, आणि लिहू नयेसच, तर जुन्या नावानं लिहू नकोस. तुझा डावा पाय म्हणून जो होता, तो इथं राहत नाही.

उजव्या पायाकडचा,
मच्छिंद्र